मोजल्याशिवाय दिसत नाही

अमेरिकेत बॉस्टन शहराला लागून केंब्रिज नावाचे गाव आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, ही नामवंत संस्था तिथलीच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या संस्थेतल्या एक प्राध्यापिका रात्री, बाकीचे सहकारी घरी गेल्यावर, हातात मोजपट्टी घेऊन प्रयोगशाळांमधून हिंडत असत. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी धरायची, आकडा लिहून घ्यायचा आणि पुढच्या खोलीत जायचे.

नॅन्सी हॉपकिन्स हे त्यांचे नाव. त्या रेणवीय जीवशास्त्राच्या प्राध्यापक. १९७३ पासून त्या एमआयटीत होत्या. कर्करोगाशी संबंधित विषाणूंवर बरीच वर्षे काम केल्यावर त्या झेब्रा माशाकडे वळल्या. या माशाचा गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे एका पेशीपासून पूर्ण जीव कसा घडतो हे सूक्ष्मदर्शकातून पाहता येते. माशांच्या टाक्या ठेवण्यासाठी त्यांनी २०० चौरस फूट जास्त जागा मागितली. ती मिळाली नाही. आपल्याला इतरांपेक्षा कमी जागा आहे, असे त्यांचे म्हणणे. तसे काही नाही, असे जागेचे वाटप पाहणाऱ्यांचे म्हणणे.

दोन म्हणण्यांत अंतर पडले की विज्ञानात काय करतात? मोजतात. हॉपकिन्सबाईंनी तेच केले. स्वतः ज्येष्ठ प्राध्यापक असून त्यांच्याकडे १५०० चौरस फूट जागा होती. त्यांच्यापेक्षा कनिष्ठ सहकाऱ्यांकडे २००० चौरस फूट होती. त्यांच्याच दर्जाच्या पुरुष प्राध्यापकांकडे ३००० पासून ६००० चौरस फुटांपर्यंत होती.

कामाच्या ठिकाणी माणसामाणसांत होणाऱ्या भेदभावाचा इतिहास आपण सहसा मोर्चे, कायदे आणि भाषणे यांच्या अंगाने वाचतो. तो इतिहास आहेच. पण त्याला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे मोजमापाचे. विज्ञान शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना ते अधिक जवळचे वाटावे. म्हणून या लेखात आपण त्या अंगाने जाऊ.

तीन प्रश्न

या क्षेत्रात आज तीन शब्द एकत्र उच्चारले जातात: विविधता, समन्याय आणि समावेशन. शब्द जड आहेत, पण त्यांच्यामागचे प्रश्न साधे आहेत. पहिला प्रश्न दाराचा: आत कोण येऊ शकते? दुसरा जमिनीचा: आत आल्यावर कोणाला किती मिळते, म्हणजे जागा, पगार, उपकरणे, बढती? तिसरा प्रश्न टेबलाचा: जिथे निर्णय होतात तिथे कोण बसते आणि कोणाचे बोलणे ऐकले जाते?

इतिहासात हे प्रश्न साधारण याच क्रमाने पुढे आले. दार उघडेपर्यंत जमिनीचा प्रश्न सुचत नाही, कारण आत कोणी नसतेच. आणि दार उघडले की प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटते. ही समजूत किती फसवी आहे, ते पुढे दिसेल.

अटींसह उघडलेले दार

दाराच्या प्रश्नाचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. १९३३ साली कमला भागवत ही विद्यार्थिनी मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली. तिचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत ही तिची बहीण. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी संचालकांच्या दारात सत्याग्रह आरंभला.

शेवटी दार उघडले, पण अटींसह. कमलाबाईंनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे होते, आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होणार नाही याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. वर्षभरानंतर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्यांनी संस्थेत मुलींना प्रवेश दिला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. हे केंब्रिज इंग्लंडमधले. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी तिथे दाखवले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुढे अनेक वर्षे शिकवले, नीरेवर संशोधन केले आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या.

या गोष्टीकडे आपण बहुतेक वेळा जिद्दीची कथा म्हणून पाहतो. ती आहेच. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्याच वर्षी प्रवेश मिळालेल्या मुलांना स्वतःची लायकी सिद्ध करण्यासाठी वेगळे एक वर्ष द्यावे लागले नाही. कमलाबाईंना द्यावे लागले. हे एक वर्ष कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

एकाच छताखाली दोन जेवणाची टेबले

आता पुन्हा अमेरिकेकडे जाऊ, कारण कामाच्या ठिकाणच्या समतेसाठी कायदे, आकडेवारी आणि न्यायालयीन निकाल यांची जी साखळी तिथे तयार झाली, तिचे दस्तऐवज तपशिलाने उपलब्ध आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला विमाने हवी होती आणि विमानांसाठी आकडेमोड करणारी माणसे हवी होती. तेव्हा आजच्यासारखी गणकयंत्रे नव्हती. ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या नोकरीचे नाव होते. व्हर्जिनिया राज्यात हॅम्प्टन येथे लँग्ले ही सरकारी विमानविद्येची प्रयोगशाळा होती आणि तिथे १९३५ पासून गोऱ्या स्त्रिया हे काम करत होत्या. कृष्णवर्णीयांना दार बंद होते. कृष्णवर्णीय कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर प्रचंड मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्ये एक आदेश काढून युद्धसामग्रीच्या उद्योगांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंशभेदाला बंदी केली. १९४३ पासून लँग्लेत कृष्णवर्णीय स्त्रिया ‘कॉम्प्युटर’ म्हणून येऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळजणी आधी शाळेत शिक्षिका होत्या. डोरोथी व्हॉन गणित शिकवत. पुढे आलेल्या कॅथरीन जॉन्सन आणि मेरी जॅक्सन याही शिक्षिकाच होत्या.

दार उघडले होते, पण आत काय होते? वेगळी कचेरी, वेगळे स्वच्छतागृह आणि उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला एक वेगळे टेबल. त्या टेबलावर ‘कृष्णवर्णीय कॉम्प्युटर’ अशी पाटी ठेवलेली असे. मिरियम मॅन या त्या गटातल्या एक. त्यांनी एक दिवस ती पाटी उचलून पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तीही त्यांनी उचलली. असे बऱ्याच वेळा झाले आणि एक दिवस पाटी यायची थांबली. यासाठी कोणता कायदा बदलला नाही, की कोणते परिपत्रक निघाले नाही. ही वेगळी कचेरी मात्र १९५८ मध्ये, या यंत्रणेचे ‘नासा’मध्ये रूपांतर झाले, तेव्हाच बंद झाली.

मेरी जॅक्सन यांची गोष्ट याहून पुढे जाते. त्या १९५१ मध्ये लँग्लेत आल्या. दोन वर्षांनी त्यांना एका विभागात तात्पुरत्या कामावर पाठवले, तेव्हा त्यांनी तिथल्या गोऱ्या सहकारी स्त्रियांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले. त्या हसल्या. ‘तुमचे’ कुठे आहे हे आम्हाला कसे ठाऊक असणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता. संतापलेल्या मेरीबाईंनी हे कॅझिमेझ चार्नेकी या अभियंत्याजवळ बोलून दाखवले. चार्नेकींनी त्यांना आपल्याबरोबर काम करायला बोलावले. काम होते चार फूट बाय चार फूट छेदाच्या वातबोगद्यात. ६०,००० अश्वशक्तीच्या या यंत्रणेत वाऱ्याचा वेग ध्वनीच्या जवळजवळ दुपटीपर्यंत नेता येत असे. अभियंता होण्यासाठी गणित आणि भौतिकीचे पुढचे अभ्यासक्रम हवे होते. ते संध्याकाळी गोऱ्यांच्या शाळेच्या इमारतीत चालत. तिथे बसण्यासाठी मेरीबाईंना नगरप्रशासनाची खास परवानगी काढावी लागली. १९५८ मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या.

यानंतर त्यांनी जे केले ते फारसे सांगितले जात नाही. वीस वर्षे अभियंता म्हणून काम केल्यावर बढतीची वाट खुंटली आहे असे त्यांच्या लक्षात आले. १९७९ मध्ये त्यांनी आपणहून एक पायरी खालची श्रेणी घेतली आणि त्या लँग्लेच्या समान संधी विभागात महिलांच्या कार्यक्रमाचे काम पाहू लागल्या. बायका मागे का राहतात, याचा त्यांनी शोध घेतला. कुणाचे एकदोन अभ्यासक्रम राहिलेले असत आणि ते हवे असतात हे कुणी सांगितलेलेच नसे. कुणाला दिलेली कामेच अशी असत की त्यांतून बढतीपर्यंत वाट जात नसे. ही कारणे लहान दिसतात. पण अशा लहान कारणांची बेरीज म्हणजेच एखाद्याची पूर्ण नोकरी असते.

कोल्हा, करकोचा आणि वीजकेंद्र

जुलै १९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेद करणे बेकायदा ठरवले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी क्रमांक ११२४६ चा आदेश काढला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नुसता भेदभाव टाळून भागणार नाही, सर्वांना संधी मिळेल यासाठी सकारात्मक कृतीही केली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. नंतरच्या नियमांनी मोठ्या कंत्राटदारांना आपल्या कामगारांची गटवार गणना करून लेखी आराखडा ठेवणे भाग पडले. आपल्याकडच्या राखीव जागांपेक्षा ही पद्धत वेगळी आहे. आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने मागासवर्गांसाठी पदे राखून ठेवण्याची मुभा शासनाला दिली आहे. अमेरिकेतल्या या आदेशाचा भर पदे राखण्यापेक्षा मोजण्यावर आणि कमतरता दिसल्यास प्रयत्न दाखवण्यावर होता.

पण भेद करणे म्हणजे काय? ‘या जातीच्या माणसाला घेणार नाही’ असे कोणी लिहून ठेवले तर प्रश्न सोपा असतो. नियम सर्वांना सारखा असेल तर? हा प्रश्न नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या एका औष्णिक वीजकेंद्रातून न्यायालयात गेला.

या केंद्रात ९५ कामगार होते, त्यांपैकी १४ कृष्णवर्णीय. त्यांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. इतर विभागांत जाण्यासाठी १९५५ पासून शालान्त प्रमाणपत्राची अट होती. जुलै १९६५ मध्ये, कायद्याचे सातवे प्रकरण ज्या दिवशी लागू झाले त्याच दिवशी, कंपनीने बुद्धिमत्ता आणि यांत्रिक आकलनाच्या दोन लेखी चाचण्या वाढवल्या. अट सर्वांना सारखीच होती. मात्र १९६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यातल्या गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के शालान्त झालेले होते, तर कृष्णवर्णीय पुरुषांपैकी १२ टक्के. आणि अट लागू होण्यापूर्वी लागलेले बिगर-शालान्त गोरे कामगार त्याच विभागांत उत्तम काम करत होते.

१४ पैकी १३ कामगार न्यायालयात गेले. विली ग्रिग्ज यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, आणि त्यात मुख्य न्यायाधीश बर्गर यांनी चक्क इसापनीतीतल्या कोल्ह्या-करकोच्याचा दाखला दिला. ही गोष्ट आपण सर्वांनी वर्गात सांगितली आहे. कोल्हा करकोच्याला उथळ ताटलीत वाढतो. अन्न दोघांना सारखेच असते, पण भांडे असे की एकालाच खाता येते. न्यायालयाने चाचण्या बंद करा असे म्हटले नाही. चाचणी त्या कामाशी निगडित असली पाहिजे, ती कामाची क्षमता मोजते हे दाखवता आले पाहिजे, एवढेच म्हटले. परीक्षा घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जपून ठेवावे असे आहे.

भांड्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आपल्याकडेही सापडते. रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० पासून अॅना मणी यांनी हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर काम केले. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, म्हणून त्या रात्री प्रयोगशाळेतच राहत. पाच शोधनिबंध स्वतःच्या नावावर झाल्यावर त्यांनी प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही, कारण त्यांच्याकडे एमएस्सीची पदवी नव्हती. हा नियम स्त्रियांसाठी वेगळा केलेला नव्हता. पण तो कशाचे मोजमाप करत होता? संशोधनाची क्षमता मोजायची, तर ते संशोधन समोर पडलेच होते. अॅना मणी पुढे १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात आल्या आणि सुमारे शंभर हवामान-उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले, म्हणजे ती उपकरणे भारतात बनू लागली. डॉक्टरेट नसताना हे झाले.

पत्र आणि सोळा सह्या

आता पुन्हा एमआयटीच्या प्रयोगशाळेत येऊ. १९७२ मध्ये नोकरीतील भेदभावाचा कायदा शिक्षणसंस्थांनाही लागू झाला होता. एमआयटीची दारे स्त्रियांना उघडी होती. हॉपकिन्सबाईंचाही बरीच वर्षे असा विश्वास होता की विज्ञानात फक्त कामाची किंमत होते. जे घडते आहे ते आपल्या एकटीच्या बाबतीत, आपल्याच काही दोषामुळे घडते आहे, असे त्या मानत.

आकडे हातात आल्यावर त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना लिहिण्यासाठी एक कडक पत्र तयार केले. ते कुणाला तरी आधी दाखवावे म्हणून त्यांनी मेरी-लू पारड्यू या जीवशास्त्राच्याच प्राध्यापिकेला जेवायला बोलावले. पारड्यूबाईंनी पत्र वाचले आणि आपणही सही करतो म्हणाल्या. वर्षानुवर्षे एकाच विभागात काम करणाऱ्या या दोघींनी हा विषय एकमेकींजवळ कधी काढला नव्हता!

मग त्यांनी यादी केली. विज्ञान शाखेच्या सहा विभागांत मिळून कायम पदावर स्त्रिया होत्या १५ आणि पुरुष जवळजवळ २००. यादी करायला वेळ लागलाच नाही. या पंधराजणी आणि अभियांत्रिकी शाखेतून विज्ञानाशी जोडलेल्या दोघी, अशा सतराजणींशी त्या बोलल्या. सोळाजणींनी सही केली. १९९४ मध्ये पत्र अधिष्ठाता रॉबर्ट बर्जिनो यांच्याकडे गेले आणि त्यांनी समिती नेमण्यासाठी पाठबळ दिले. समितीने पगार, जागा, संशोधनासाठी दिलेला पैसा, पुरस्कारांसाठीच्या शिफारशी, समित्यांवरच्या नेमणुका यांची माहिती गोळा केली.

१९९९ मध्ये या अभ्यासाचा गोषवारा प्रसिद्ध झाला. त्यातले निष्कर्ष असे. विज्ञान शाखेच्या अध्यापकांत स्त्रियांचे प्रमाण ८ टक्के होते आणि निदान दहा वर्षे ते हललेले नव्हते. कामगिरी तोलामोलाची असून ज्येष्ठ स्त्रियांना जागा, पगार आणि साधने कमी मिळत होती, आणि विभागांतल्या महत्त्वाच्या निर्णयांत त्यांना स्थान नव्हते. एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी अहवालाबरोबर स्वतःचे निवेदन जोडले. विद्यापीठांतला भेदभाव अंशतः खरा आणि अंशतः भासाचा असावा असे आपण मानत होतो, पण त्यात खरेपणाचा वाटाच फार मोठा आहे हे आता कळले, अशी कबुली त्यांनी दिली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या प्रमुखाने हे उघडपणे मान्य करावे याचे सर्वांना आश्चर्य वाटले. अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांनी बातमी पहिल्या पानावर घेतली.

आम्हाला मात्र अहवालातला आणखी एक निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच विभागांतल्या तरुण प्राध्यापिकांना विचारले तेव्हा त्यांचे म्हणणे होते की आम्हाला काहीच भेद जाणवत नाही, विभाग आम्हाला उत्तम साथ देतो. घर आणि काम यांचा मेळ घालणे एवढीच त्यांची चिंता होती. ज्येष्ठ स्त्रिया हे ऐकून चमकल्या. कारण तरुणपणी त्यांनाही अगदी असेच वाटत होते! प्रत्येक पिढी या समजुतीने सुरुवात करत होती की प्रश्न आधीच्या पिढीबरोबर संपला. वय आणि पद वाढत गेले, वाटून घ्यायची जागा आणि सत्ता मोठी झाली, की मग फरक पडू लागे. तोही एका मोठ्या अन्यायाच्या रूपात नव्हे. इथे शंभर चौरस फूट, तिथे एक राहून गेलेली शिफारस, असा.

यात कुणी खलनायक होता का? बहुतेक प्रसंगांत नव्हता. म्हणूनच ते एकट्याला दिसत नाही. एका माणसाच्या अनुभवात हा फरक ‘माझे नशीब’ किंवा ‘माझाच दोष’ म्हणून राहतो. पंधरा माणसांचे अनुभव एका तक्त्यात मांडले की त्याचा आकार दिसतो. एका रेणूच्या हालचालीवरून तापमान कळत नाही, तसेच हे आहे.

औषधाचेही मोजमाप हवे

आजार मोजला, उपाय केला, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. २०११ मध्ये एमआयटीने पुन्हा आढावा घेतला. विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांत प्राध्यापिकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती. पगार आणि जागेतली तफावत दूर करण्यात आली होती. पण नवे प्रश्न निघाले होते. प्रत्येक समितीवर एक तरी स्त्री हवी असा दंडक झाला. स्त्रिया थोड्या, समित्या पुष्कळ! परिणामी त्याच त्या स्त्रियांचा वेळ बैठकांत जाऊ लागला. शिवाय ‘या बायका आहेत म्हणून यांना घेतले’ अशी कुजबुज काहींच्या कानावर येई. जो उपाय होता त्याचाच भार त्यांच्यावर पडला होता.

मोठ्या कंपन्यांतही असेच घडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे ‘समान संधी’ या कायद्याच्या भाषेऐवजी ‘विविधता’ हा व्यवस्थापनाचा शब्द आला. माणसे तऱ्हेतऱ्हेची असतील तर धंद्याला फायदा होतो, असा युक्तिवाद होऊ लागला. कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाले. या वर्गांचा उपयोग किती? फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव्ह आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ७०८ कंपन्यांची १९७१ ते २००२ या काळातली आकडेवारी तपासली. व्यवस्थापकांच्या पदांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीय किती वाढले, हे त्यांनी पाहिले. नुसत्या प्रशिक्षणवर्गांचा परिणाम सर्वांत कमी होता. हे काम पाहण्याची जबाबदारी ज्या कंपन्यांनी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर टाकली होती, तिथे सर्वांत जास्त वाढ झाली होती. हा अभ्यास शक्य झाला, कारण कायद्यानुसार मोठ्या कंपन्या १९६६ पासून दरवर्षी आपली आकडेवारी शासनाला देत होत्या.

२०२० नंतर अमेरिकेत अशा कार्यक्रमांची लाट आली आणि तिला विरोधही तितकाच वाढला. माणसाकडे गटाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे तर व्यक्ती म्हणून पाहावे, निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, असे विरोधकांचे म्हणणे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा आदेश क्रमांक ११२४६ रद्द केला. १९६४ चा कायदा कायम राहिला, पण त्या आदेशानुसार गणना करून आराखडा ठेवण्याचे बंधन कंत्राटदारांवरून उठले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक आदेश निघाला. वरून सारख्या दिसणाऱ्या नियमांचा परिणाम विषम होतो का, म्हणजे ग्रिग्ज निकालाचा जो गाभा, त्याची तपासणी शासकीय खात्यांनी मागे टाकावी असे त्यात सांगितले होते.

उपाय कोणता योग्य, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. काही उपाय निरुपयोगी ठरले हे आपण वर पाहिलेच. पण ते निरुपयोगी ठरले हेही कळले ते मोजल्यामुळेच. औषध बदलावे असे म्हणणे वेगळे आणि तापमापक फेकून द्यावा असे म्हणणे वेगळे. गुणवत्तेवरच निवड व्हावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याला तर मोजपट्टी सर्वांत आधी हवी. हॉपकिन्सबाई तरी दुसरे काय मागत होत्या?

आपल्या वर्गातली मोजपट्टी

आम्ही संशोधक विद्यार्थी होतो, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत सहाजण होतो. काचेची भांडी मोजून ठेवणे, रसायनांची नोंदवही लिहिणे, पाहुणे आले की चहाचे सांगणे, ही कामे दोघी मुली करत. नवे उपकरण आले की ते उघडायला आणि जुळवायला आम्ही चौघे मुलगे पुढे असू. कुणी कुणाला तसे सांगितले नव्हते. आमचे सर स्वभावाने अतिशय न्यायी. त्या दोघींनी कधी तक्रार केली नाही आणि आमच्या कधी मनात आले नाही. आज आठवायला बसलो तरी पाच वर्षांत त्या दोघींनी ते उपकरण किती तास हाताळले, हे आम्हाला सांगता येत नाही. उपकरणाची वेळवही होती, पण ती त्या नजरेने कधी कुणी चाळली नाही.

शाळा हेही कामाचे ठिकाण आहे, आपले आणि मुलांचेही. एक छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला चार-पाच मुलांचे गट असतात. लागोपाठ दहा तास, एका विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने कोपऱ्यात बसून फक्त नोंद करावी: दिवा कोणी पेटवला, सूक्ष्मदर्शकाची पट्टी कोणी सरकवली, निरीक्षणे कोणी लिहिली, भांडी कोणी धुतली आणि गटातर्फे उत्तर कोणी दिले. मुलगा की मुलगी, पुढच्या बाकावरचा की मागच्या, गावातला की वाडीवरचा, जे रकाने आपल्या वर्गाला लागू असतील ते आखावेत. आपण प्रश्न विचारताना कोणाकडे पाहतो, याचीही नोंद त्यात असू द्यावी. तक्ता पूर्ण होईपर्यंत तो कोणाला दाखवू नये, नाहीतर वागणूक बदलते. आणि तो भिंतीवर लावताना नावे गाळावीत. आरोप करण्यासाठी हा तक्ता नाही. फरक दिसला नाही तर उत्तमच. दिसला तर पुढच्या महिन्यात कामांची अदलाबदल करून पुन्हा मोजावे.

मेरी जॅक्सन नोकरी करत असताना हॅम्प्टनमधल्या एका वस्तीकेंद्रात मुलांचे विज्ञान मंडळ चालवण्यात मदत करत. १९७० च्या दशकात या मुलांकडून त्यांनी एक छोटा वातबोगदा बनवून घेतला. त्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांना आपल्यातल्या कुणी अभियंता असू शकते हेच माहीत नव्हते. ज्या यंत्रापाशी पोचायला मेरीबाईंना परवानग्या काढाव्या लागल्या, तसे यंत्र त्या मुलांनी आपल्या हातांनी जोडले.